चेस काउंटी: अडीच हजार माणसांचं सरकार

एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, कॅन्सस सिटीलगतच्या आमच्या ओव्हरलँड पार्क गावात एखाददुसरी सकाळ अशी उजाडते की दार उघडलं की जळक्या गवताचा वास नाकात शिरतो. इथे राहणाऱ्यांना त्याची सवय आहे. बाबा या खेपेला पहिल्यांदाच एप्रिलमध्ये आले होते, ते लगेच अंगणात जाऊन उभे राहिले. "कुणीतरी रान पेटवलंय," म्हणाले. मी सांगितलं, की पेटवलंय खरं, पण इथून दोन तासांवर. फ्लिंट हिल्समधले गुरंवाले दर वसंतात गवत जाळतात आणि वारा फिरला की धूर कॅन्सस सिटीपर्यंत येतो. बाबांची पुढची चौकशी त्यांच्या खात्याला शोभेलशी होती: "परवानगी कोण देतं?"

बाबा सातारा जिल्ह्यात तलाठी म्हणून लागले आणि मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झाले. नोकरीचा बराच काळ पाटण तालुक्यात गेला. अमेरिकेत आल्यावर लोक डिस्ने किंवा नायगारा बघतात, यांना 'इथली तहसील' बघायची होती. तेव्हा ठरवलं की फ्लिंट हिल्समधल्या चेस काउंटीला जायचं. काउंटी म्हणजे इथला जिल्हा. जळणारं गवत बघू, आणि कॅन्ससमधलं अजून वापरात असलेलं सर्वांत जुनं कोर्टहाऊस, म्हणजे काउंटीची कचेरीही बघू. आईने "तुमची कचेरी तुम्हीच बघा" म्हणून घरी राहणं पसंत केलं, पण दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. पुढे गोमांसाच्या मुलखात त्याच उपयोगी पडल्या.

गुरुवार

आय-३५ ने एम्पोरियापर्यंत, तिथून यूएस-५० ने पश्चिमेला वीसेक मैल. एम्पोरिया सुटलं की रस्त्याकडेची नांगरलेली शेतं कमी होत जातात, झाडं नदीनाल्यांच्या काठापुरती उरतात आणि दोन्ही बाजूंना उघड्याबोडक्या, गोलसर माथ्याच्या टेकड्या सुरू होतात. काही हिरव्या, काही पिवळट आणि काही कोळशासारख्या काळ्या. काळ्या म्हणजे नुकत्याच जाळलेल्या.

चेस काउंटीचं क्षेत्रफळ ७७८ चौरस मैल, म्हणजे साधारण २,०१५ चौरस किलोमीटर. गोव्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. आणि २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या २,५७२. बाबांनी मला हा आकडा पुन्हा सांगायला लावला. मग म्हणाले, "माझ्या एका सजात याच्या दुप्पट माणसं होती." सजा म्हणजे एका तलाठ्याकडची गावं.

आधी लागतं स्ट्राँग सिटी. कॉटनवूड नदीच्या उत्तरेला हे, आणि दोनेक मैलांवर नदीच्या दक्षिणेला कॉटनवूड फॉल्स. दोन गावं होण्याचं कारण रेल्वे. सांता फे कंपनीचा रूळ १८७१ मध्ये इथे पोचला तो नदी न ओलांडता उत्तर काठाने गेला. स्टेशनाभोवती नवं गाव वसलं, पुढे त्याला कंपनीच्या अध्यक्षाचं, विल्यम बार्स्टो स्ट्राँगचं, नाव मिळालं. काउंटीचं मुख्यालय मात्र जुन्या गावाने सोडलं नाही. मग दोन्हींच्या मध्ये काही वर्षं घोड्यांची ट्राम चालवायची पाळी आली. सांता फेच्या त्या रेल्वेमार्गावर आता बीएनएसएफ कंपनीच्या मालगाड्या धावतात, एकामागून एक, आणि स्ट्राँग सिटीत कोणासाठी थांबत नाहीत.

पूल ओलांडून कॉटनवूड फॉल्समध्ये शिरलो. नऊशेच्या आतबाहेर वस्तीचं गाव. ब्रॉडवे नावाचा विटांनी फरसबंदी केलेला रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना दगडी दुकानांची ओळ, आणि रस्त्याच्या दक्षिण टोकाला, तो अडवूनच उभं राहिल्यासारखं, कोर्टहाऊस. पांढुरका चुनखडक, लाल उतरतं मॅन्सार्ड छप्पर, वर घड्याळाचा मनोरा. पॅरिसमधल्या इमारतीची ही फॅशन गवताच्या समुद्रात कशी आली असं कोणालाही वाटेल, पण त्या काळात अमेरिकेत सरकारी इमारत म्हटली की ही शैली चालायची. आराखडा जॉन हॅस्केलचा. कॅन्ससच्या टोपेकातल्या राज्य कॅपिटॉलवर काम केलेला हाच वास्तुविशारद.

इमारत १८७३ मध्ये पूर्ण झाली. खर्च चाळीस हजार डॉलरच्या पुढे गेला होता. आता गंमत बघा: १८७० च्या जनगणनेत या काउंटीत दोन हजार माणसंही नव्हती. त्यातले बरेच मातीच्या किंवा ओंडक्यांच्या घरात राहत असणार. त्यांनी कर्ज काढून हे बांधलं, कारण माणसं येणार, रेल्वे आली आहे, काउंटी भरणार असा हिशेब होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वस्ती आठ हजारांच्या वर गेलीही. मग उतरत उतरत परत जवळपास तिथेच आली. कोर्टहाऊस बांधणाऱ्यांना जेवढे शेजारी होते, साधारण तेवढेच आज ते वापरणाऱ्यांना आहेत.

आत शिरताना कोणी अडवलं नाही. बाबांनी सवयीने खिशातून ओळखपत्र काढून हातात धरलं होतं, ते कोणी बघेना. डाव्या-उजव्या बाजूला दारं आणि दारांवर पाट्या: काउंटी क्लार्क, ट्रेझरर, रजिस्टर ऑफ डीड्स. मधून अक्रोडाच्या लाकडाचा गोल जिना तीन मजले वर जातो. नदीकाठच्या रानातल्या काळ्या अक्रोडाचा. कठड्यावरून हात फिरवला तर कुठे सांधा लागत नाही. दीडशे वर्षांच्या तळव्यांनी तो इतका गुळगुळीत केलाय की लाकूड की घासलेला दगड ते डोळे मिटून सांगता येणार नाही. पायऱ्या मात्र मधोमध झिजल्यात. बाबा सावकाश चढले, दुसऱ्या मजल्यावरची कोर्टाची खोली दारातूनच बघितली, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या लंबगोल खिडकीतून खाली ब्रॉडवेकडे बघत उभे राहिले. पूर्ण गाव एका नजरेत मावतं. एक पिकअप आली, एका दुकानासमोर थांबली. तेवढीच हालचाल.

खाली आल्यावर खरी करमणूक सुरू झाली. क्लार्कच्या ऑफिसातल्या बाईंना मी सांगितलं की हे माझे वडील, भारतात महसूल खात्यात होते, त्यांना तुमचं काम कसं चालतं ते समजून घ्यायचंय. बाईंना वेळ होता. त्यांनी खुर्ची दिली.

बाबांना आधी कलेक्टर कोण ते हवं होतं. कलेक्टर नाही. काउंटीचा कारभार तीन कमिशनर बघतात, तिघे तीन मतदारसंघांतून चार वर्षांसाठी निवडून येतात. बजेट, रस्ते, पूल, कर किती लावायचा हे त्यांच्याकडे. त्यांच्या वर कोणी साहेब नाही आणि त्यांच्यातही कोणी एक साहेब नाही. बरं, मग हे तिघे बाकीच्या सगळ्यांना हुकूम सोडत असतील? तेही नाही. क्लार्क निवडून येते, ट्रेझरर निवडून येते, रजिस्टर ऑफ डीड्स, शेरीफ, काउंटीचा वकील, सगळे मतांवर. कमिशनर त्यांचं बजेट आवळू शकतात, त्यांना घरी पाठवू शकत नाहीत.

"कारकून निवडून येतो?" बाबांनी मला मराठीत विचारलं. "आणि पक्षाच्या चिन्हावर?"

"हो."

"मग त्याची बदली कशी करतात?"

हा प्रश्न मी बाईंना इंग्रजीत घातला. त्यांना तो कळायलाच वेळ लागला. बदली? कुठे? काउंटीबाहेर त्यांचं पदच नाही. बाबा बराच वेळ हसत राहिले. एकोणचाळीस गावांच्या फायली, बावीस साहेब आणि बदल्यांचे हंगाम बघितलेल्या माणसाला हे परीकथेसारखं वाटलं असणार. अर्थात लगेच त्यांनी उलट बाजूही काढली: "म्हणजे चुकीचा माणूस बसला तर चार वर्षं हलत नाही. आणि इथल्या इथे सगळे एकमेकांचे मावसभाऊ." यावर बाई काही बोलल्या नाहीत, कारण हे मी भाषांतरित केलं नाही.

निवडणुकांचं काम क्लार्ककडेच. कॅन्ससमध्ये मोठ्या चार काउंट्या सोडल्या तर सगळीकडे क्लार्कच निवडणूक अधिकारी असते. म्हणजे ज्या निवडणुकीत ती स्वतः उभी, तिचंही काम तिच्याकडेच. आपल्याकडे यावर अग्रलेख झाले असते. इथे मतमोजणीवर शिक्कामोर्तब कमिशनर बसून करतात आणि गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यावर भागतं.

ट्रेझररकडे घरपट्टी, जमीनपट्टी आणि गाड्यांची नोंदणी. म्हणजे तहसील, आरटीओ आणि झेडपीचा कर विभाग एकाच काउंटरवर. मालमत्ता कराचा पहिला हप्ता २० डिसेंबरपर्यंत, दुसरा १० मेपर्यंत. आम्ही गेलो तेव्हा दुसऱ्याची मुदत जवळ आली होती, तरी रांगेत एकच माणूस, आणि तोही कर भरून झाल्यावर पावसावर बोलत उभा होता. शेतजमिनीचा कर बाजारभावावर लावत नाहीत, ती जमीन काय आणि किती पिकवू शकते यावर लावतात. मातीची प्रत, चाराऊ की पिकाऊ. हे ऐकल्यावर बाबा खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे आकारणी! हे आपलंच." मुंबई इलाख्यातली जुनी जमाबंदी जमिनीची प्रत ठरवून आकार बसवायची, ती पद्धत त्यांनी पुस्तकात शिकून पोटासाठी चालवलेली.

रजिस्टर ऑफ डीड्सच्या खोलीत आम्ही सर्वांत जास्त वेळ काढला. चामड्याच्या पुठ्ठ्याची जाड रजिस्टरं, उभी नाही तर लोखंडी रुळांच्या फळ्यांवर आडवी ठेवलेली, म्हणजे ओढली की सरकत बाहेर येतात. कोणीही यावं आणि बघावं. अर्ज नाही, नक्कल फी फक्त नक्कल घेतली तर. बाबांनी एक उघडलं. तपकिरी शाई, तिरकं टपोरं अक्षर, आणि जमिनीचं वर्णन असं: अमुक सेक्शनचा नैर्ऋत्य चतुर्थांश, टाउनशिप १९ दक्षिण, रेंज ८ पूर्व. ना गट नंबर, ना 'पूर्वेस अमक्याची हद्द, पश्चिमेस ओढा'.

ही सगळी पद्धत जाळ्याची आहे. कॅन्सस आणि नेब्रास्काच्या सीमेवरचं चाळीस अंश अक्षांश ही आडवी मूळ रेषा, सहावं प्रमुख रेखावृत्त ही उभी. तिथून सहा मैल बाय सहा मैलांचे चौकोन मोजत निघायचं. एका चौकोनात ३६ सेक्शन, एक सेक्शन एक मैल बाय एक मैल, ६४० एकर. त्याचा चौथा हिस्सा १६० एकर, १८६२ च्या होमस्टेड कायद्यात एका कुटुंबाला मिळायचा तेवढा. टाउनशिप १९ दक्षिण म्हणजे मूळ रेषेपासून एकोणिसावा चौकोन, आपण नेब्रास्काच्या सीमेच्या शंभरावर मैल खाली. पत्ता वाचला की जागा डोळ्यासमोर येते, मग तिथे डोंगर असो की नदी.

बाबांनी विचारलं, मोजायला काय वापरलं? साखळी. गुंटरची, ६६ फुटांची, ऐंशी साखळ्यांचा मैल. आणि कुंपणं वगैरे मोजायला रॉड, साडेसोळा फुटांचा. बाबांनी खिशातला पेन काढला, कोर्टहाऊसच्या माहितीपत्रकाच्या मागे आकडेमोड केली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. आपली मोजणीची साखळी ३३ फुटांची, म्हणजे बरोबर दोन रॉड. आपला गुंठा ३३ बाय ३३, म्हणजे चार चौरस रॉड. चाळीस गुंठ्यांचा एकर, त्यांचा एकर १६० चौरस रॉड. कुठे एक इंच फरक नाही. इंग्रजांनी एकच माप दोन टोकांना नेऊन ठेवलेलं. त्या दिवसात बाबांना सर्वांत जास्त आनंद कशाचा झाला असेल तर याचा.

एक गोष्ट मात्र त्यांना पटली नाही. रजिस्टर ऑफ डीड्स खरेदीखत नोंदवतं, वेळ टाकून शिक्का मारतं, एवढंच. जमीन खरंच विकणाऱ्याच्या मालकीची आहे का, हे बघणं त्याचं काम नाही. ते घेणाऱ्याने बघायचं, मालकीचे जुने कागद तपासणाऱ्या टायटल कंपनीकडून शोध घ्यायचा, विमा काढायचा. "मग फेरफार मंजूर कोण करतं?" कोणीच नाही. ना नोटीस, ना हरकत, ना मंडल अधिकारी. म्हणजे बाबांच्या हयातभराच्या नोकरीची इथे जागाच नाही. ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, सातबारा तरी कुठे मालकीचा पुरावा आहे, तोही कोर्टात गृहीतकच धरतात.

या रजिस्टरांतल्या प्रत्येक जमिनीची साखळी मागे मागे नेली की एका टोकाला थांबते: अमेरिकन सरकारने दिलेलं पेटंट, म्हणजे जमिनीची पहिली सनद. त्याच्या आधी काय, हे इथे नाही. आधी इथे कॉ हे मूळनिवासी लोक होते, ज्यांच्या कान्झा या नावावरून राज्याचं नाव पडलं, आणि दक्षिणेकडे ओसेज. कॉ लोकांची जमीन करारामागून करार करत आक्रसत गेली. शेजारच्या मॉरिस काउंटीत काउन्सिल ग्रोव्हजवळ उरलेल्या तुकड्यातूनही त्यांना आजच्या ओक्लाहोमात हलवलं ते १८७३ मध्ये. त्याच वर्षी इथे घड्याळाचा मनोरा चढत होता.

काउंटीला नाव मिळालं ते सॅमन चेस याचं. लिंकनचा अर्थमंत्री, नंतर सरन्यायाधीश. कॅन्ससमध्ये गुलामगिरी येऊ नये म्हणून सिनेटमध्ये झगडला, त्याची ही परतफेड, १८५९ मधली. पुढे दहा हजार डॉलरच्या नोटेवर त्याचं चित्र छापलं गेलं. ही नोट या काउंटीत कोणी मोडून दिली असती असं वाटत नाही.

दशम्या कोर्टहाऊसच्या हिरवळीवर बसून खाल्ल्या. तिथून काउंटीचा तुरुंगही जवळच आहे, आणि त्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. पूर्वी कोठडी कोर्टहाऊसमध्येच होती. आताची इमारत वेगळी, आणि एवढ्याशा वस्तीच्या गरजेपेक्षा कितीतरी मोठी. कारण काउंटी तिथल्या खाटा बाहेरच्यांना भाड्याने देते, त्यात मुख्य गिऱ्हाईक केंद्राचं स्थलांतर खातं. कागदपत्रांच्या भानगडीत अडकलेली, कुठल्या कुठल्या देशांची माणसं इथे सुनावणीची किंवा विमानाची वाट बघतात, आणि माणशी दररोजच्या हिशेबाने काउंटीच्या तिजोरीत पैसे पडतात. करदाते अडीच हजार आणि रस्ते शेकडो मैल, तेव्हा कमिशनरांना उत्पन्नाची ही बाजू का सोडवत नसेल ते कळतं. कळलं तरी दशमीचा घास तेवढ्यापुरता कोरडा झाला. माझं स्वतःचं ग्रीन कार्ड येऊन फार वर्षं झालेली नाहीत.

रात्री ब्रॉडवेवरच्याच एका जुन्या दगडी इमारतीत खोली घेतली होती. जेवायला जवळच्या कॅफेत गेलो. बाबांसाठी गोमांस, डुक्कर वगळून काय आहे विचारल्यावर वाढणाऱ्या बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला आणि "पाय" असं सांगितलं, म्हणजे फळं भरून भाजलेला गोड पदार्थ. बाबांनी चेरीचा पाय दोन वेळा घेतला.

शुक्रवार

सकाळी टॉलग्रास प्रेअरी नॅशनल प्रिझर्व्ह, म्हणजे उंच गवताचं राखीव माळरान. स्ट्राँग सिटीच्या उत्तरेला दोनेक मैलांवर.

उत्तर अमेरिकेत उंच गवताचं माळरान एके काळी १७ कोटी एकरांवर होतं. आज चार टक्क्यांहून कमी उरलंय आणि त्यातलं बहुतेक फ्लिंट हिल्समध्ये. वाचलं ते कोणाच्या पुण्याईने नाही. बाकी ठिकाणची माती खोल आणि काळीभोर, ती नांगराखाली गेली, तिथे आता मका आणि सोयाबीन आहे. इथे वीतभर मातीखाली चुनखडक, आणि चुनखडकात चकमकीचे थर. नांगराचा फाळ टिकेना. १८०६ मध्ये झेब्युलन पाइक इथून गेला तेव्हाच त्याने या टेकड्यांची खडबडीत आणि चकमकीच्या म्हणून नोंद केली होती. शेती होईना म्हणून गुरं, गुरं म्हणून गवत. काउंटीची लोकसंख्या का टिकली नाही आणि कोर्टहाऊस का बदलावं लागलं नाही, याचंही उत्तर याच दगडात आहे. सगळं ठरवणारा खरा कमिशनर तोच.

उतारावर पायऱ्या-पायऱ्या दिसतात. बाबांना वाटलं बांध घातलेत. ते थर आहेत: चुनखडक टणक म्हणून पुढे उभा राहतो, मधला मऊ शेल खडक झिजतो. पर्मियन काळातल्या उथळ समुद्राचा तळ. सह्याद्रीतल्या पायऱ्या लाव्ह्याच्या, या शिंपल्यांच्या. मी एक दगड उचलून दाखवला, त्यात तांदळाएवढे लांबट जीवाश्म ठासून भरलेले. फ्युझुलिनिड म्हणतात. बाबांनी चष्मा कपाळावर चढवून जवळून बघितला आणि परत होता तिथेच ठेवला. प्रिझर्व्हमधून दगड उचलून न्यायला बंदी आहे, आणि ते बाबा आहेत.

मोठं दगडी घर १८८१ चं, स्टीफन जोन्स या गुरंवाल्याने बांधलेलं, छप्पर कोर्टहाऊसच्याच धर्तीचं. त्याला लागून तीन मजली दगडी गोठा. टेकडीवर १८८२ ची एका खोलीची शाळा. भोवती दगडी गडग्यांची कुंपणं, कुठेही चुना नाही. १८६७ मध्ये कॅन्ससने मोकाट चराई बंद केली आणि साडेचार फूट उंचीचा गडगा घालणाऱ्याला दर रॉडमागे ४० सेंट देऊ केले. बाबांनी लगेच अर्ध्या साखळीचे चाळीस सेंट असा हिशेब केला.

हे प्रिझर्व्ह कसं झालं ही काउंटीच्या राजकारणातली मोठी कथा. राष्ट्रीय उद्यान करायचे प्रयत्न अनेक दशकं चालले होते आणि दरवेळी स्थानिक गुरंवाले आडवे यायचे. वॉशिंग्टनने जमीन घ्यायची, मग ती कराच्या यादीतून जाणार, मग शाळा-रस्ते कशावर चालवायचे? शेवटी १९९६ मध्ये सिनेटर नॅन्सी कॅसेबॉम यांच्या पुढाकाराने कायदा झाला, त्यात तोडगा असा की केंद्र सरकारने जास्तीत जास्त १८० एकर घ्यायचे. एकूण प्रिझर्व्ह जवळपास ११ हजार एकरांचं, त्यातला बाकीचा सगळा भाग खासगी ना-नफा संस्थेच्या मालकीचा. २००५ पासून नेचर कॉन्झर्व्हन्सीकडे. केंद्राची पार्क सर्व्हिस फक्त चालवते.

बाबांनी हे उभ्या उभ्याच ऐकलं. त्यांच्या टेबलावर कोयनेच्या पुनर्वसनाच्या फायली होत्या, ज्या त्यांच्या आधीच्या, आधीच्या माणसाच्याही टेबलावर होत्या. "गावकरी नको म्हणाले आणि सरकार १८० एकरांवर थांबलं," ते म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत. मीही कॉ लोकांचा विषय परत काढला नाही.

विंडमिल पास्चर या कुरणातून वाट जाते, तिथे बायसन मोकळे असतात. २००९ मध्ये साउथ डकोटातल्या विंड केव्ह उद्यानातून १३ आणले, त्यांचा आता मोठा कळप झालाय. आम्हाला डझनभर दिसले, लांब, पण पुरेसे स्पष्ट. हिवाळी लोकर गळायला लागलेली, खांद्यांवरून फाटक्या घोंगडीसारखी लोंबत होती. दोन पिल्लं होती, आईबापांसारखी काळपट नाहीत, विटकरी नारिंगी. बाबांना गवत कुठे आहे ते कळेना. उंच गवत उंच होतं ते सप्टेंबर-ऑक्टोबरात, बिग ब्लूस्टेम तेव्हा माणसाच्या डोक्यावर जातं. एप्रिलमध्ये जाळलेल्या पट्ट्यात बोटभर कोंब, न जाळलेल्यात गेल्या वर्षीचं वाळकं. इथे दर वर्षी कुरणाचा तिसरा हिस्साच जाळतात, म्हणजे जनावरं नव्या गवताच्या मागे फिरत राहतात आणि पक्ष्यांना जुनं गवत उरतं. खासगी रँचवाले मात्र बहुतेक दर वर्षी सगळंच जाळतात.

ते आम्ही संध्याकाळी बघितलं, एका कच्च्या काउंटी रस्त्याच्या कडेला गाडी लावून. आधी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने जाळत एक काळा पट्टा तयार केला, आग तिथे येऊन मरावी म्हणून. चारचाकी बाइकवर एक तरुण, हातात ड्रिप टॉर्च, जमिनीला ठिणग्यांची रेघ ओढत गेला. मागे पाण्याची टाकी आणि फवारा घेऊन पिकअप. मग वाऱ्याच्या बाजूने पेटवलं आणि आगीने चालायच्या ऐवजी धावायला सुरुवात केली. आवाज कागद फाडल्यासारखा. ज्वाला गाडीच्या टपाएवढ्या, आणि दहा मिनिटांत सगळी टेकडी जळून मोकळी. इतकी झपाट्याने जाते की मुळांना धग लागत नाही.

"आपल्याकडे राब भाजतात तसंच," मी म्हणालो. बाबांनी दुरुस्त केलं. राब भाजायचा तो भाताच्या रोपांपुरता, वाफ्याएवढा तुकडा. हा वणवा आहे. पाटणात असा डोंगर कोणी पेटवला असता तर वनखात्याचा गुन्हा आणि बाबांना पंचनामा. इथे उलटं आहे: जाळलं नाही तर काही वर्षांत सीडरची झाडं चढतात आणि कुरण संपतं.

परवानगीचं उत्तर आता मिळालं. पेटवायच्या आधी डिस्पॅचला, म्हणजे आणीबाणीचे फोन घेणाऱ्या कक्षाला, फोन करून कुठे जाळतोय ते कळवायचं. म्हणजे धूर बघून कोणी फोन केला तर अग्निशमनवाले उगाच धावत नाहीत, तेही स्वयंसेवकच. धूर शहरांच्या हवेत जातो म्हणून २०१० मध्ये राज्याने धूर व्यवस्थापन आराखडा केला. वाऱ्याचा अंदाज रोज प्रसिद्ध होतो आणि आज जाळू नका असा सल्लाही मिळतो. शहरवाल्यांची नाकं आणि गुरंवाल्यांचं वेळापत्रक यांच्यात कोणाचं चालतं, ते आमच्या अंगणात आलेल्या वासावरून ओळखावं.

शनिवार

दक्षिणेला, के-१७७ या रस्त्याने. बझार हे नाव वाचून बाबांनी भाजी मिळेल का विचारलं. भाजी नाही, दुकानही दिसलं नाही. कधी काळी रेल्वेच्या फाट्यावर टेक्ससची गुरं इथे उतरायची, उन्हाळाभर फ्लिंट हिल्सचं गवत खाऊन पोसायची आणि इथूनच गाडीत चढायची. आता ट्रक. हिशेब तोच: या चुनखडीच्या गवतावर बैल दिवसाला दोनेक पौंड वजन धरतो.

बझारच्या जवळच्या कुरणात ३१ मार्च १९३१ ला एक विमान कोसळलं, त्यात नोत्र दाम विद्यापीठाचा प्रसिद्ध फुटबॉल प्रशिक्षक नूट रॉकनी आणि आणखी सात जण गेले. लाकडी पंख हवेतच तुटला होता. रॉकनीचं नाव एवढं मोठं की देशभर गदारोळ झाला आणि लाकडी पंखांच्या प्रवासी विमानांचे दिवस भरले. स्मारकाचा दगड खासगी कुरणात आहे, म्हणून तिकडे गेलो नाही.

मॅटफील्ड ग्रीन ओलांडून कॅसोडेला टर्नपाइकवर चढलो, म्हणजे शेजारच्या बटलर काउंटीत. याला कारण आहे. १९५६ मध्ये सुरू झालेला हा टोलरस्ता चेस काउंटीतून आरपार जातो, पण कॅसोडेच्या ९२ क्रमांकाच्या फाट्यानंतर थेट एम्पोरियाचा १२७. मध्ये पस्तीस मैल उतरायला जागा नाही. काउंटीच्या छातीवरून दिवसाला हजारो गाड्या जातात आणि त्यातली एकही कॉटनवूड फॉल्सच्या दुकानात वळू शकत नाही. बाबांचं मत पडलं की आपल्याकडे एवढ्यात तीन आंदोलनं झाली असती आणि एक अनधिकृत कट पडला असता.

वाटेत मॅटफील्ड ग्रीनचा थांबा लागतो, तिथे रॉकनीची माहिती लावली आहे. चहा प्यायलो, म्हणजे गरम पाणी आणि पिशवी. पुढे १११ व्या मैलाजवळ एक फाटा आहे, पण नंबर नसलेला. बझार कॅटल पेन्स. गुरांच्या ट्रकसाठी खास ठेवलेला, माणसांच्या गाड्यांना तिथून बाहेर पडता येत नाही.

एक ट्रक तिथे मागे घेऊन लावलेला होता. मी वेग कमी केला. फळीवरून तांबड्या-काळ्या गुरांची रांग उतरत होती, आणि पलीकडे घोड्यावर दोघे जण त्यांना फाटकाकडे वळवत होते.

"यांना बरोबर उतरू दिलंय," बाबा म्हणाले. मग वहीत काहीतरी लिहिलं, आणि एम्पोरिया येईपर्यंत मला विचारत राहिले की हा टोल काउंटीला मिळतो का. मिळत नाही; टर्नपाइकचा पैसा टर्नपाइकवरच. "मग तुरुंगाच्या खाटा भाड्याने देतील नाहीतर काय करतील," ते म्हणाले आणि उरलेली दशमी काढली.